रात्री दोननंतरचा प्रवाह

[दृश्य : निर्मनुष्य रस्ता. चेंबरमधल्या मीटरचे सरकणारे आकडे.]

रात्रीचे दोन वाजून गेलेत. वस्ती झोपली आहे, बहुतेक नळ बंद आहेत. तरी या भागाला पाणी देणाऱ्या मुख्य वाहिनीवरचा मीटर फिरतोच आहे.

यातलं थोडं पाणी हक्काचं आहे. रात्रपाळीचा कारखाना, रुग्णालय, अधूनमधून कुणी ओढलेला फ्लश. तेवढं वजा केलं की जे उरतं, ती बहुतांशी गळती. दोन ते चारच्या दरम्यान वापर सगळ्यात कमी असतो, म्हणून मोजणीची वेळ हीच.

अट एकच : भागाच्या सगळ्या सीमा बंद हव्यात आणि आत येणारं सगळं पाणी मीटरमधून यायला हवं. नकाशात बंद दाखवलेला व्हॉल्व्ह जमिनीखाली अर्धा उघडा निघाला, तर पुढचा सगळा हिशेब वाया. आणि असे व्हॉल्व्ह निघतात.

रात्रीच्या तासाची गळती चोवीसनं गुणायचा मोह होतो. तो आवरावा. दिवसा वापर वाढला की वाहिनीतला दाब उतरतो आणि गळतीही उतरते. त्यामुळे दाबाची नोंदही दिवसभर ठेवावी लागते.

[दृश्य : रस्त्यावर उसळलेलं कारंजं. मग कोरडा फुटपाथ.]

वाहिनी फुटून रस्त्यात कारंजं उडालं की गर्दी जमते, फोन जातात, दुरुस्तीची गाडी येते. समजा तासाला 100 घनमीटर पाणी चार तास वाहिलं : 400 घनमीटर. आता या कोरड्या फुटपाथखालच्या एका घराच्या जोडणीतून तासाला फक्त 1 घनमीटर झिरपतंय. वर काही दिसत नाही, तक्रार कुणाचीच नाही. सहा महिन्यांत गेलं 4,300 घनमीटरहून जास्त! गळतीचा आकार महत्त्वाचा खराच, पण ती किती दिवस चालू राहिली, यावर नुकसान ठरतं.

गळतीची टक्केवारी मात्र फसवी असते. शहराला 100 भाग पाणी दिलं, 20 गळले : गळती 20 टक्के. पुढं लोकांनी काटकसर करून वापर 80 वरून 60 वर आणला. गळणारं पाणी तेवढंच, पण पुरवठा आता 80 चा, म्हणून गळती 25 टक्के. लोकांनी पाणी वाचवलं आणि आकडा बिघडला! त्यापेक्षा दर जोडणीमागं रोज किती लिटर, आणि किती दाबाला, असं विचारावं.

[दृश्य : हेडफोन लावलेला तंत्रज्ञ. दोन व्हॉल्व्हवर बसवलेले संवेदक.]

किती गळतं ते कळलं, आता कुठं ते शोधायचं. दाबाखालचं पाणी फटीतून निसटताना आवाज करतं आणि तो वाहिनीच्या भिंतीतून व पाण्यातून दोन्हीकडे धावतो. एकमेकांपासून 100 मीटरवरच्या दोन ठिकाणी संवेदक लावले, गळती मधे कुठंतरी. आवाजाचा वेग सेकंदाला 1,200 मीटर धरू. तो एकीकडे 0.05 सेकंद आधी पोचला, म्हणजे दोन अंतरांत फरक 60 मीटरचा. गळती त्या बाजूपासून 20 मीटरवर, दुसरीपासून 80. खणायचं तिथंच.

लोखंडी वाहिनीत हे छान जमतं. प्लास्टिकच्या वाहिनीत आवाज लवकर विरतो आणि वेगही बराच कमी असतो. तिथं संवेदक जवळजवळ लावावे लागतात. कधी वाहिनीत हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण सोडून जमिनीवर हायड्रोजन हुंगणारं यंत्र फिरवतात.

जिथं पाणी दिवसातले काहीच तास येतं, तिथं रात्रीची मोजणी उपयोगी पडत नाही. पाणी आलं की घरोघरच्या टाक्या भरू लागतात, त्यामुळे खरा वापर आणि गळती वेगळी काढता येत नाही. टाक्यांचे नळ बंद ठेवून, ठरावीक वेळ मुद्दाम पुरवठा चालू ठेवूनच चाचणी घ्यावी लागते. अशा गावात गळतीचा दुसरा धोकाही आहे : वाहिनी रिकामी होते तेव्हा त्याच फटीतून बाहेरचं घाण पाणी आत येऊ शकतं.

दुरुस्तीनंतर मीटर पुन्हा वाचायचा. एक भोक बुजलं की दाब वाढतो, आणि शेजारचा कमकुवत सांधा तो सोसेलच असं नाही.