लायनफिशला काय घालावं, किती घालावं

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्या बऱ्याच जणांकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांचं ती घ्यायचं चाललेलं आहे. त्यामुळे टाकी लावायची कशी, यात मी फार वेळ घालवणार नाही. मला बोलायचंय ते लायनफिशच्या, म्हणजे पंख्यासारखे पर आणि विषारी काटे असलेल्या त्या समुद्री माशाच्या, पोटाबद्दल. घरच्या टाकीत हा मासा उपासमारीने क्वचितच मरतो. चुकीचं खाऊन आणि जास्त खाऊन मात्र हमखास मरतो, आणि ते खाणं आपणच त्याच्यापुढे टाकलेलं असतं.

आधी कुठला मासा, ते ठरवा. दुकानात लायनफिश म्हणून बहुतेक वेळा मिळतो तो टेरॉइस वोलिटान्स, किंवा त्याचा हिंदी महासागरातला सख्खा भाऊ टेरॉइस माइल्स. घेताना बोटाएवढा असतो, पुढे फुटाच्या वर जातो. पसरलेले पर धरले तर त्याला वळायलाच केवढी जागा लागते! साडेचारशे लिटरच्या खाली त्याला ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जागा कमी असेल तर डेंड्रोकायरस या गटातले बुटके लायनफिश बघा. झेब्रा आणि फझी दीडशे लिटरमध्ये नीट राहतात, वीतभरही होत नाहीत. फू मांचू दिसायला सर्वांत देखणा, पण त्याला मेलेलं खायला शिकवणं फार अवघड. पहिलाच मासा म्हणून तो घेऊ नका.

आता हा शिकार कशी करतो ते बघू, कारण खायला घालण्याची सगळी युक्ती त्यातच आहे. तो पाठलाग करत नाही. छातीचे पर पंख्यासारखे पसरून सावजाला हळूहळू कोपऱ्यात रेटतो. कधी तोंडातून पाण्याची पिचकारी सोडतो, त्यामुळे सावज त्याच्याकडे तोंड करून वळतं. मग जबडा उघडतो आणि सावज पाण्यासकट आत ओढलं जातं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हालचाल दिसली तरच त्याला ते अन्न वाटतं. नवा आणलेला लायनफिश तळाशी पडलेल्या कोळंबीच्या तुकड्याकडे बघतसुद्धा नाही, ते यामुळेच.

इथेच घोळ होतो. मासा खात नाही म्हणून घाबरून लोक दुकानातून स्वस्तातले छोटे गोल्डफिश आणतात. तो झडप घालतो, घरातल्यांना गंमत वाटते, आणि तेच रोजचं जेवण होऊन बसतं. गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. काही महिने सगळं छान दिसतं, मग मासा तिरका पोहायला लागतो, नेम चुकतो, खाणं टाकतो. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी समुद्री माशाला हवी तशी नसते. त्यांच्याबरोबर रोग येतात ते वेगळेच. फक्त क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक समुद्री जिवांवर, ठेवलेल्या माशांचा जबडा आखडतो, हेही पाळणाऱ्यांनी पुष्कळदा पाहिलंय. एकच एक अन्न कितीही आवडीने खात असला तरी ते पुरेसं नाही.

मग सुरुवात कशी करायची? मासा आणल्यावर दोन-तीन दिवस त्याला शांत राहू द्या. मग जिवंत छोटी कोळंबी द्या, किंवा मिठाच्या पाण्याला सरावलेली मोली, हा दुकानात मिळणारा छोटा मासा. हे फक्त तोंड उघडवण्यापुरतं. तो खायला लागला की पारदर्शक ॲक्रिलिकच्या काडीच्या टोकाला मेलेली कोळंबी लावा. संध्याकाळी दिवे मंद करून द्या, ही त्याची शिकारीची वेळ. काडी त्याच्या अंगावर नेऊ नका. हातभर लांब धरा, थोडी थरथरवा, थांबा, पुन्हा जरा दूर न्या. सावज कधी शिकाऱ्याच्या दिशेने चालून येत नाही, हे ध्यानात ठेवा. आधी त्याचे डोळे वळतात, मग सगळं अंग वळतं, पाठीचे काटे किंचित पुढे झुकतात. त्या क्षणी काडी स्थिर ठेवा. नाही घेतलं तर तुकडा बाहेर काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. धडधाकट मासा आठवडाभर जेवला नाही तरी त्याला काही होत नाही, तेवढा दम आपल्याला काढता आला पाहिजे.

सामान मिळतं मासळी बाजारातच. सोललेली नाही, कवचासकट करंदी घ्या. माकुळाच्या पट्ट्या, मुडदुशीचे तुकडे, तिसऱ्यांचं मांस घ्या. मीठ लावलेलं किंवा बर्फाच्या पाण्यात दिवसभर पडलेलं नको. घरी धुऊन एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका. तारली-मांदेलीच्या कुळातल्या काही माशांतही थायमिनेज असतं आणि गोठवल्याने ते जात नाही, म्हणून ते रोजचे नकोत. आठवड्यातून एकदा तुकड्यावर जीवनसत्त्वाचे थेंब सोडून पंधरा मिनिटं मुरू द्या. तुकडा माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा.

आता प्रमाण. वाढलेल्या माशाला आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. पिल्लाला एक दिवसाआड थोडं थोडं. हे ऐकून लोकांना वाईट वाटतं, कारण माणूस समोर आला की हा मासा काचेशी येतो, पर फुलवतो, वर-खाली करतो. त्याला भूक लागली म्हणून तो येतो असं नाही. तो संधीवर जगणारा प्राणी आहे. मिळेल तेव्हा ठासून खायचं आणि मग वाट बघायची, अशी त्याची घडण आहे. पोट कित्येक पट ताणलं जातं. प्रयोगशाळेत लायनफिश तीन महिन्यांच्या आसपास उपाशी राहून जगलेले आहेत. अटलांटिकमध्ये, जिथे त्याला आयतं खाणं मिळालं, तिथे पोटात चरबीचे थर साठलेले लायनफिश सापडले. टाकीतला मासा तर हालचालही कमी करतो. चरबी यकृतावर चढते आणि एके सकाळी चांगला गुटगुटीत मासा तळाशी मेलेला दिसतो.

जास्त खाण्याचा दुसरा फटका पाण्याला बसतो. मोठा घास झाला की बरेचदा तो अर्धवट पचलेला ओकून टाकतो, आणि तो खडकामागे कुजत पडतो. अमोनिया चढतो. म्हणून जेवणाच्या दुसऱ्या दिवशी टाकीच्या मागे बॅटरी मारून बघा. स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र, टाकीच्या मापापेक्षा मोठाच घ्या. तापमान २४ ते २७ अंश. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात ते चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, राहणार नाही, तो खर्च आधीच धरा.

अधूनमधून माशाच्या अंगावर पातळ पापुद्रा सुटल्यासारखा दिसेल. पाण्यात तो धुरासारखा तरंगतो. हा रोग नाही. अंगावरचं शेवाळ आणि परजीवी झटकायला तो वरचा थर टाकतो. त्या दिवसांत तो जेवत नाही. औषध घालू नका.

काट्यांबद्दल थोडक्यात. पाठीवर १३, पोटाशी २, शेपटीकडे खाली ३, असे १८ विषारी काटे. म्हणून खाऊ काडीनेच द्यायचा, आणि टाकीत हात घालताना मासा कुठे आहे ते आधी बघायचं. काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. हे विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने निकामी होतं. पाण्याची ऊब दुसऱ्या हाताने तपासा, दुखरा हात बधिर असतो. श्वास लागला, गरगरलं, तर थेट डॉक्टरकडे.

आणि नको झाला म्हणून समुद्रात सोडू नका. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९८५ साली पहिला लायनफिश सापडला, तो पाळीव माशांच्या व्यापारातूनच आला असणार असं मानलं जातं. आज कॅरिबियनभर तो पसरलाय, एक मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालते, आणि तिथले प्रवाळावरचे छोटे मासे तो फस्त करतोय. आपला समुद्र त्याचं मूळ घर आहे हे खरं, पण टाकीतले रोग समुद्रात नेण्याचा हक्क आपल्याला नाही. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

शेवटी एक प्रश्न मला नेहमी विचारतात: गावाला जायचं झालं तर? आठ-दहा दिवस जायचं असेल तर वाढलेल्या माशाला निघण्याच्या दोन दिवस आधी जेवू घाला, आणि शेजाऱ्यांच्या हाती खाण्याची पुडी अजिबात देऊ नका. त्यांना फक्त एवढंच दाखवून ठेवा, की पंप चालू आहे ना, आणि पाणी खुणेच्या खाली गेलं की साधं आरओचं पाणी घालायचं. मिठाचं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं.