चार काठ्या आणि आपलं रान

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या सातबाऱ्यावर डोंगरउताराचा एखादा तुकडा आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. कोणी त्याला वरकस म्हणतं, कोणी डोंगर म्हणतं, कोणी नुसतं रान म्हणतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल सरकारचं नाही, लोकांच्या मालकीचं आहे. त्यामुळे ते राहणार की जाणार, हे घराघराच्या ओटीवर ठरतं. आणि ठरतं कसं? व्यापारी येतो, गडग्यावरून एक नजर टाकतो, उक्ती रक्कम सांगतो, चहा होतो, आणि दोन एकर रान तुटायला जातं. ऐनाची झाडं किती होती, किंजळाची किती होती, त्यातली कोवळी किती नि जून किती, हे मालकाला ठाऊक नसतं. समोरच्याला मात्र अंदाज असतो, कारण त्याचा तो रोजचा धंदा आहे.

रानमालकांसाठी प्रशिक्षण वर्ग भरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पुष्कळ ठिकाणी वर्ग सभागृहात भरतो, योजनांची माहिती दिली जाते, जाताना हातात दोन रोपं मिळतात आणि माणसं घरी जातात. पहिला धडा वेगळा हवा. पहिला धडा मोजणीचा. आधी मोजा, मग बोला. हे मी आज पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

त्यासाठी एक हकीकत ऐका. जंगल शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही हकीकत सांगावी असं मला मनापासून वाटतं.

साल १८५६. ठिकाण ब्रह्मदेशातला पेगू प्रांत. चार वर्षांपूर्वीच, १८५२ च्या लढाईनंतर, तो इंग्रजांच्या ताब्यात आला होता. त्याच्या दक्षिणेला तेनासरीमचा मुलूख. तिथल्या सागवानाचं काय झालं होतं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. परवाने घेऊन व्यापारी शिरले आणि हाताला लागेल तो साग तोडून मोकळे झाले. आता पेगूचं तसं होऊ नये म्हणून लॉर्ड डलहौसीच्या सरकारनं एका जर्मन माणसाला बोलावलं. डिट्रिश ब्रँडिस त्याचं नाव. बॉन शहरात १८२४ साली जन्मलेले, वनस्पतिशास्त्र शिकवणारे. वय बत्तीसच्या आत-बाहेर.

त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता. दर वर्षी किती साग तोडायचा? व्यापारी म्हणत होते, भरपूर आहे, तोडू द्या. पण भरपूर म्हणजे किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. नकाशे धड नाहीत, रस्ते नाहीत, बांबूचं दाट बेट आणि त्यात मधूनमधून साग. झाड न् झाड मोजायचं म्हटलं तर जन्म पुरला नसता.

मग ब्रँडिस हत्तीवर बसले. डाव्या हातात बांबूच्या चार काठ्या, उजव्या हातात खिशातला चाकू. हत्ती डोंगराच्या धारेनं सरळ चालवायचा. वाटेच्या दोन्ही अंगांना ठरलेल्या अंतरात साग दिसला, की त्याचा घेर नजरेनं ठरवायचा आणि त्या घेराच्या काठीवर एक खाच पाडायची. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेर असेल, तर पहिल्या वर्गाची काठी. साडेचार ते सहा फूट, दुसरी काठी. दीड ते साडेचार, तिसरी. दीड फुटाखालचं पोरगं झाड, चौथी काठी. हत्ती चालतोय, खाचा पडतायत. वही नाही, टेबल नाही, दोन्ही हात गुंतलेले. संध्याकाळी मुक्कामावर उतरायचं आणि चारही काठ्यांच्या खाचा मोजायच्या. किती मैल चाललो ते माहीत, पट्टा किती रुंद ते माहीत, म्हणजे तेवढ्या जमिनीवर कोणत्या वर्गाचे किती साग, हा हिशोब हातात आला.

असं एक दिवस नाही, कित्येक महिने. त्यांचे शिष्य कार्ल शेंक ही हकीकत सांगत. तापानं फणफणत असतानाही मोजणी चालू राहिली, आणि पुढे त्यांच्या कवटीला भोक पाडण्याची शस्त्रक्रियासुद्धा करावी लागली, असं शेंक सांगत. हे शेंक म्हणजे ज्यांनी १८९८ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात बिल्टमोर इथे वनशाळा काढली ते. सकाळी व्याख्यान आणि दुपारी घोड्यावरून रानात, अशी ती शाळा. वनशिक्षण असं असावं. ज्या वर्गात मास्तरांच्या चपलेला माती लागत नाही, तो वर्ग रानाचा नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

आता हकीकतीचा खरा गाभा ऐका. काठ्यांवरचे आकडे आले, पुढे काय? ब्रँडिसनी विचार केला, की दुसऱ्या वर्गातला साग पहिल्या वर्गात यायला किती वर्षं घेतो? त्यांचा अंदाज आला चोवीस वर्षं. मग त्यांनी नियम घातला, की पहिल्या वर्गातल्या झाडांचा चोविसावा भागच एका वर्षी तोडायचा. म्हणजे चोवीस वर्षांनी आजचे सगळे मोठे साग तुटलेले असतील, पण तोवर दुसऱ्या काठीवरचे साग त्यांच्या जागी येऊन उभे असतील. शाळेत वरच्या वर्गातून तेवढीच मुलं बाहेर पडावीत जेवढी खालच्या वर्गातून वर येतात, तसं. रंगून आणि मौलमीनच्या लाकूड व्यापाऱ्यांना हे रुचलं नाही. पण ब्रँडिसकडे आकडे होते, आणि व्यापाऱ्यांकडे फक्त अंदाज होता. हेच ब्रँडिस १८६४ साली हिंदुस्थानचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाले, आणि १८७८ मध्ये डेहराडूनची वनशाळा त्यांच्याच पुढाकारानं निघाली. सरकारी जंगलाच्या कायद्यांनी रानातल्या माणसांवर पुढे जो अन्याय झाला तो विसरू नये, विसरता येणारही नाही. पण काठीवर खाच पाडायची ती रीत कोणाच्याही मालकीची नाही. ती आपल्या दोन एकरांना जशीच्या तशी लागू पडते.

कशी, ते सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

आपल्याला हत्ती नको. एक काथ्याची दोरी हवी, ३३ फुटांची. नायलॉनची नको, ती ताणते. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे बरोबर एक गुंठा. पुन्हा सांगतो, ३३ बाय ३३, एक गुंठा. रानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ चालायला लागा, आणि दर पन्नास पावलांवर, जिथे पाय थांबेल तिथेच, दोरीनं एक चौकोन आखा. रान रुंद असेल तर दुसऱ्या ओळीनं परत या. असे दहा चौकोन. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. दहा चौकोनांत जेवढी झाडं भरतील, त्यांना चारानं गुणलं की एकराचा आकडा. रान तीन एकर असेल तर बारानं गुणा.

इथे चूक होते ती जागा निवडण्यात. माणूस नकळत चांगल्या झाडाजवळ थांबतो, नाहीतर करवंदाची जाळी टाळून पुढे सरकतो. तसं केलं की आकडा खोटा येतो. जाळीत चौकोन पडला तर जाळीत शिरायचं. दुसरी चूक उतारावर होते. दोरी जमिनीला टेकवून धरली की फसलं. सातबाऱ्यावरचं क्षेत्र सपाटीचं असतं. तीस अंशांच्या चढावर जमिनीलगत धरलेली ३३ फूट दोरी सपाटीत साडेअठ्ठावीस फूटच भरते. म्हणून खालच्या माणसानं दोरी डोक्यावर धरावी, वरच्यानं गुडघ्याशी, आणि ती आडवी ताणावी; चढ जास्त असेल तर थोडी थोडी, टप्प्याटप्प्यानं. दोरीवरच एखादं झाड आलं, तर खोडाचा मध्य आत असेल तर मोजायचं, बाहेर असेल तर सोडायचं.

घेर घ्यायचा तो छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर. उतारावर नेहमी वरच्या अंगाला उभं राहून. साडेचार फुटांच्या खालीच फाटा फुटला असेल, तर दोन झाडं धरा. सुतळीला एक, दोन आणि तीन फुटांवर गाठी मारून ठेवा, काम भराभर होतं. आपले वर्ग ब्रँडिसच्या सागापेक्षा लहान ठेवा. तीन फूट आणि वर, पहिली काठी. दोन ते तीन, दुसरी. एक ते दोन, तिसरी. एक फुटाखालचं पण माणसाच्या उंचीहून मोठं, चौथी. घरातल्या शाळकरी पोरांच्या हाती काठ्या आणि चाकू द्या. एकानं झाडाचं नाव आणि घेर ओरडून सांगायचा, दुसऱ्यानं खाच पाडायची. मोबाइलमध्ये झाड ओळखण्यापेक्षा आजीला विचारून ओळखलेलं झाड मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं.

आता लाकडाचा हिशोब. व्यापारात चौथाई घेराची रीत आहे. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर फुटांत घ्या, त्याला चारानं भागा, आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा आणि मग लांबीनं गुणा. मध्यावर चार फूट घेर आणि बारा फूट लांबी असलेला ऐनाचा ओंडका बारा घनफूट भरतो. खरं लाकूड त्यात सव्वापंधरा घनफूट असतं. कापताना कडा जातात, म्हणून ही सूट व्यापारात सगळे धरतात. तिच्याबद्दल तक्रार नाही. लक्ष ठेवायचं ते पट्टी कुठे लावली जाते इकडे. मध्याऐवजी शेंड्याकडच्या बारीक टोकाला, साडेतीन फुटांवर घेर घेतला, की तोच ओंडका नऊ घनफुटांवर येतो. तीन घनफूट लाकूड गेलं, आणि कोणी खोटं बोललेलंही नाही. म्हणून घेर मध्यावर. पुन्हा, मध्यावर.

काठ्यांवर पहिल्या वर्गाच्या खाचा थोड्या आणि दुसऱ्या वर्गाच्या पुष्कळ आल्या, तर रान विकायची ही वेळ नाही. चार-पाच वर्षं थांबा. सगळं रान एकदम झोपवण्यापेक्षा पहिल्या वर्गातली निवडक झाडं द्या, आणि कोणती द्यायची ते तुम्ही रंगाचा पट्टा मारून ठरवा, व्यापाऱ्यानं नव्हे. जुना बेहडा, उंबर, मोठा बिवळा यांना हात लावू नका. ढोलीचा बेहडा गेला की त्यात घरटं करणारी धनेश पक्ष्यांची जोडी गेली, आणि धनेश बी टाकायचं थांबला की उद्याचं रान कोण लावणार?

तोड थंडीत उरकावी. बुंधा जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच ठेवू नये. काप करवतीनं, एका बाजूला उतरता, म्हणजे पावसाचं पाणी साचून बुंधा कुजत नाही. कोयत्याचे घाव घालून साल फाटली की फुटवा कमकुवत येतो. उंच बुंध्याला आलेले फुटवे वाऱ्यानं निखळतात, हेही तितकंच खरं. ऐन, किंजळ, साग बुंध्यापासून जोमानं फुटतात. दुसऱ्या वर्षी दोन-तीन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढा. दर पावसाळ्यात झाडं लावायचे फोटो निघतात, आणि शेजारीच जुन्या मुळांवर आलेले फुटवे गुरं खाऊन टाकतात. रोपापेक्षा फुटव्याला मूळ तयार मिळालेलं असतं, त्याची राखण आधी करा.

परवानगीचं थोडक्यात. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं आहेत. त्यांना वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सध्याची यादी आणि वाहतूक पासाचं काय, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. त्याआधी ताजा सातबारा काढा. इतर हक्कांत ‘खाजगी वने’ असा शेरा असेल तर १९७५ चा कायदा लागतो, आणि तिथे आधी तलाठ्याकडून आणि वकिलाकडून कागद समजून घ्या. सातबारा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी.

म्हणूनच गावातला मोजणीचा वर्ग शिमग्यात ठेवावा. मुंबईचे चाकरमानी घरी असतात, हिस्सेदार एकत्र भेटतात, ऐन-सागाची पानं झडलेली असल्यानं खोडं नीट दिसतात. फक्त तो वणव्याचाही काळ आहे, तेव्हा गडग्यालगत दहा-बारा फुटांचा पट्टा डिसेंबर-जानेवारीतच झाडून पातेरा काढून ठेवावा. भाजावळ करायची तर सकाळी लवकर, माणसं आणि पाणी जवळ ठेवून. दुपारी समुद्राचा वारा सुटला की पेटतं पान गडगा ओलांडतं.

दहाही चौकोनांच्या कोपऱ्यांवर दगड रोवून त्यांना चुना लावा, आणि वीस झाडांवर जिथे सुतळी लावली तिथेच रंगाचा पट्टा ओढा. पुढच्या शिमग्यात त्याच पट्ट्यावर पुन्हा घेर घ्या. घेर वर्षाला किती इंच वाढतो ते कळलं, की दुसऱ्या काठीवरचं झाड पहिल्या काठीवर कधी येणार ते तुम्हीच सांगू शकाल. नमस्कार.