रात्री नऊ वाजताची भिंत

आज घरी गेलात की पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून तळहात लावून बघा. सूर्य मावळून दोन-तीन तास उलटलेले असतात, तरी भिंत गरम लागते. त्याच वेळी गावाबाहेरच्या माळावरची माती मात्र निवायला लागलेली असते. मला आज बोलायचंय ते भिंतीतल्या या उरलेल्या उष्णतेबद्दल.

शहर तापतं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भर दुपार येते. पण शहर आणि आसपासचा मोकळा मुलूख यांच्यातली हवेच्या तापमानाची तफावत सर्वांत जास्त दिसते ती रात्री. त्यातही वारा पडलेला आणि आकाश निरभ्र असेल तेव्हा. हे पहिल्यांदा आकड्यांत मांडलं ल्यूक हॉवर्ड यांनी. ढगांना सिरस, क्युम्युलस ही नावं दिली तेच हे हॉवर्ड. लंडन आणि बाहेरची खेडी इथल्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ताडून पाहिल्या आणि 1818 पासून प्रसिद्ध केल्या. शहरातली रात्र सरासरी सुमारे 2 अंश सेल्सिअसने उबदार निघाली. तेव्हा ना मोटारी होत्या, ना वीज.

मग हे होतं कसं? काँक्रीट, वीट, डांबर दिवसभर ऊन पितात. उन्हाळ्यात डांबराचा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत जाऊ शकतो. रात्री ही उष्णता आकाशाकडे परतायला हवी, आणि इथेच खरी अडचण आहे. माळावर उताणे झोपलात तर नजरेत सगळं आकाशच असतं. दोन उंच इमारतींमधल्या बोळात झोपलात तर वर फक्त एक पट्टी दिसते. जमिनीला जेवढं आकाश दिसतं, तेवढीच तिला उष्णता सोडायला वाट मिळते. बाकीची समोरच्या भिंतीवर जाते, ती भिंत पुन्हा इकडे पाठवते. पहाट होईपर्यंत हीच देवाणघेवाण चालते. म्हणून मी इमारतींच्या उंचीइतकंच त्यांच्यामधलं अंतर महत्त्वाचं मानतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे हजार वॅटचा हीटर चाळीस मिनिटं चालवावा एवढी. ओली माती आणि झाडं हे काम दिवसभर मुकाट करत असतात. आपण पाऊस गटारात घालवतो, जमीन फरशीखाली बंद करतो, आणि मग ती सगळी उष्णता हवा तापवायला मोकळी राहते. वर एसी आहेतच. खोलीतून तीन भाग उष्णता काढायला साधारण एक भाग वीज लागली, तर बाहेर चार भाग पडतात, शेजारच्याच्या खिडकीखाली.

हे सगळं मला का महत्त्वाचं वाटतं? दिवसभर तापलेलं शरीर सावरतं ते रात्रीच्या गारव्यात. तो मिळाला नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आधीच थकलेल्या शरीरावर पडतं. जुलै 1995 मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत एकटे राहणारे वृद्ध फार होते. बातम्यांत कमाल तापमान ठळक येतं, किमान कुठेतरी कोपऱ्यात. माझं म्हणणं आहे, तो कोपऱ्यातला आकडा आधी वाचा.

उपायांत गच्चीला पांढरा रंग देणं चांगलंच. वरच्या मजल्याला आराम पडतो. तरीही रस्त्यावर माझा भरवसा झाडावर आहे, कारण ते भिंत तापण्याआधीच ऊन अडवतं. पण त्याला पाणी मिळायला हवं. मुळांना ओल कमी पडली की पान आपली छिद्रं मिटून घेतं आणि वाफ होणं जवळजवळ थांबतं. आपण झाडं लावतो आणि बुंध्याला खेटून काँक्रीट ओततो. तुमच्या गल्लीत असं एखादं झाड असेल, तर पावसाळ्याआधी त्याच्याभोवतीची हातभर माती मोकळी करून घ्या.