ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये नवे ग्राफिक्स कार्ड : आधी एसएमपीएसचे लेबल वाचा

नमस्कार. कंपनीकडून जोडून आलेल्या, म्हणजे ज्याला आपण ब्रँडेड डेस्कटॉप म्हणतो त्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले, की बहुतेक जण सर्वप्रथम सर्वांत वेगवान कार्ड कोणते याचा शोध सुरू करतात. माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तो शोध थोडा बाजूला ठेवावा, संगणक बंद करून मागची पॉवर केबल काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटचे बाजूचे झाकण उघडावे. सुटे भाग निवडून संगणक जोडणारा माणूस पुढच्या बदलांसाठी थोडी मोकळीक ठेवतो. ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये मात्र एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड आणि कॅबिनेट हे तिन्ही भाग बहुधा त्या मॉडेलच्या मूळ गरजेपुरतेच मोजून घेतलेले असतात. आपल्याला कोणते कार्ड चालेल, याचे उत्तर त्या झाकणाच्या आतच असते.

(कॅमेरा एसएमपीएसच्या लेबलवर)

हे लेबल नीट पाहा. वर ठळक अक्षरांत ३०० वॅट लिहिले आहे आणि बहुतेकांची नजर तिथेच थांबते. आपल्याला वाचायचा आहे तो खालचा तक्ता, आणि त्यातही १२ व्होल्टचा रकाना. इथे त्या रकान्यात १८ अँपिअर हा आकडा दिसतो. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही आपली जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात, त्यामुळे आपल्या कामापुरता हा एसएमपीएस ३०० वॅटचा नसून २१६ वॅटचा आहे. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करू नये, दोन्ही मिळून किती वीज मिळेल याचा आकडा बहुधा शेजारीच वेगळा छापलेला असतो, तो धरावा.

आता हिशेब पुढे नेऊ. या संगणकात कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर आहे. त्याच्या माहितीत ६५ वॅट हा आकडा ठळकपणे येतो, पण टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेगाने चालताना तो ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. २१६ मधून ११७ वजा केले तर ९९ उरतात, आणि पंखे, डिस्क, मदरबोर्ड यांच्यासाठी त्यातले थोडे राखून ठेवले तर कार्डाच्या वाट्याला साधारण ७५ वॅट येतात. १७० वॅट घेणारे आरटीएक्स ३०६० इथे बसवण्याचा विचारही करू नये.

हा ७५ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मदरबोर्डवरचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅटच देऊ शकतो. त्याहून अधिक वीज हवी असेल तर एसएमपीएसमधून थेट कार्डाला वायर जोडावी लागते. सहा पिनांच्या वायरीतून आणखी ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या वायरीतून १५०. अनेक ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये यांपैकी एकही वायर दिलेली नसते. अशा वेळी फक्त स्लॉटच्या विजेवर चालणारे कार्ड निवडणे हाच सरळ मार्ग असतो, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. २०२४ मध्ये आलेले ६ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचे कार्ड आहे आणि ते बहुधा वेगळ्या वायरीशिवाय चालते. नाव मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे, कारण ८ जीबीचे आरटीएक्स ३०५० हे १३० वॅटचे निराळे कार्ड आहे आणि त्याला स्वतंत्र वायर लागते. जीटीएक्स १६५० च्याही काही आवृत्त्यांवर सहा पिनांचा सॉकेट असतो, म्हणून खोक्यावरचे चित्र बारकाईने पाहावे. आरएक्स ६४०० हे केवळ ५३ वॅटचे असल्यामुळे मोहात पाडते, पण ते स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा, वापरते. मदरबोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा असेल तर त्याचा वेग जाणवण्याइतका कमी होतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे पडद्यावरचे चित्र व्हिडिओत साठवणारा भाग, नाही, त्यामुळे खेळ रेकॉर्ड करणाऱ्यांनी ते टाळावे.

(कॅमेरा हातातल्या ॲडॉप्टरवर)

वायर नाही म्हटले की लोक हे ॲडॉप्टर सुचवतात. एका बाजूला डिस्कला वीज देणारा साटा कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला कार्डासाठी सहा पिना. कृपया हे वापरू नका. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टसाठी तीनच बारीक पिना असतात आणि प्रत्येक पिनेची क्षमता दीड अँपिअरची असते. म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजेच ५४ वॅट. पलीकडचे कार्ड मात्र ७५ वॅट मागू शकते. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असे ॲडॉप्टर लावले होते. तासाभराने तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, आणि कनेक्टर काढून पाहिला तेव्हा त्याची एक कडा मऊ होऊन वाकली होती. संगणक वाचला, पण मी समोर बसलेलो नसतो तर काय झाले असते हा विचार अजून मनातून जात नाही.

एसएमपीएसच बदलावा असे वाटत असेल, तर आधी मदरबोर्डला जाणाऱ्या मुख्य वायरीच्या पिना मोजा. त्या चोवीस असतील आणि एसएमपीएसची रुंदी १५० मिलिमीटर व उंची ८६ मिलिमीटर असेल, तर नेहमीच्या एटीएक्स मापाचा एसएमपीएस बसण्याची चांगली शक्यता आहे. पिना सहा, आठ किंवा दहा असतील तर तो कंपनीचा स्वतःचा किंवा केवळ १२ व्होल्ट देणारा वेगळ्या पद्धतीचा एसएमपीएस असतो, आणि मग कंपनीच्याच त्या मॉडेलसाठीचा अधिक क्षमतेचा भाग शोधावा लागतो. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारखी असली, तरी त्यांतल्या वायरींची मांडणी उलटसुलट असते. चार अधिक चार अशी सुटणारी वायर प्रोसेसरची, सहा अधिक दोन अशी सुटणारी कार्डाची. कनेक्टर सहज जात नसेल तर जोर लावू नये.

जागेचे मोजमाप सोपे आहे. कार्ड जिथे मागच्या पट्टीला लागते तिथपासून समोरच्या डिस्कच्या कप्प्यापर्यंत टेपने मोजा आणि हे माप कार्डाच्या लांबीशी ताडून पाहा. वायर लागणारे कार्ड असेल तर वायर वळण्यासाठी झाकणाच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. स्लिम कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच बसते, आणि त्यासाठीची आखूड पट्टी खोक्यात आहे का हे खरेदीपूर्वीच विचारावे.

संगणक जुना असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून बायॉस, म्हणजे संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्यावे, कारण जुन्या बायॉसवर नवे कार्ड कधी कधी चित्रच दाखवत नाही. इंटेलचे आर्क कार्ड घेणाऱ्यांनी मदरबोर्डमध्ये रीसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय आहे का ते आधी तपासावे, तिच्याविना त्या कार्डांचा वेग बराच घटतो.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते. आधी जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून टाकावा, मग संगणक बंद करून वीज तोडावी आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. जुने कार्ड ओढण्यापूर्वी स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबावी लागते. ती कार्डाखाली झाकलेली असते आणि तिचा विसर पडून कार्ड ओढले तर स्लॉट तुटू शकतो. नवे कार्ड सरळ खाली दाबावे, खिट्टीचा टक् असा आवाज येऊ द्यावा आणि मग मागचा स्क्रू आवळावा. मॉनिटरची केबल आता मदरबोर्डच्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावायची आहे. कार्ड बिघडले म्हणून परत करायला निघालेल्या कित्येकांची अडचण एवढीच असते.

नवा ड्रायव्हर घातल्यावर एखादा जड खेळ अर्धा तास चालवून पाहा. चित्र अडखळले किंवा रंग फाटले तर शंका ड्रायव्हरवर किंवा तापमानावर घ्यावी. पण कोणतीही सूचना न देता संगणक एका क्षणात बंद पडला किंवा पुन्हा सुरू झाला, तर पुन्हा एसएमपीएसकडेच यावे. कार्ड सरासरीने कमी वीज घेत असले, तरी सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरती त्याची मागणी पुष्कळ वर उसळते, आणि काठावरचा एसएमपीएस त्या क्षणी स्वतःला वाचवण्यासाठी सगळेच बंद करतो. अशा वेळी कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे त्याने किती वीज घ्यावी याची सॉफ्टवेअरमधली मर्यादा, दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करून तीच चाचणी पुन्हा घ्या. बंद पडणे थांबले, तर दोष कार्डाचा नसून विजेच्या तुटवड्याचा आहे, आणि एसएमपीएस बदलेपर्यंत कार्ड त्या कमी मर्यादेवरच चालवावे.