कुंडल रोडच्या माळावर

पुणे–मिरज मार्गावरची गाडी ताकारी सोडते आणि थोड्याच वेळात किर्लोस्करवाडीच्या फलाटाला लागते. या स्टेशनचे मूळ नाव कुंडल रोड. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्कर येथे उतरले, तेव्हा आसपास निवडुंगाने माजलेला माळ होता आणि तो नागांसाठीच अधिक प्रसिद्ध होता. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली ही जागा त्या वेळी औंध संस्थानात मोडत होती.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु काही रंगांतला फरक आपल्याला कळत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी रंग बाजूला ठेवून यांत्रिक रेखाचित्रांचा अभ्यास केला आणि पुढे तंत्रशाळेत शिक्षकी पत्करली. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर ती नोकरी त्यांनी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालले होतेच. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर.

या नांगरापाशी थोडे थांबायला हवे. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण ती उलथत नाही. लोखंडी नांगराचा फाळ तास खोल काढतो आणि त्यामागचा वळणदार पंख मातीची ढेप उलटी टाकतो. त्यामुळे हरळी-कुंद्याच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळून जातात. कृष्णाकाठच्या काळ्या, चिवट जमिनीला नेमके हेच हवे होते. मात्र लोखंड लागले की जमिनीत विष पसरते, असा समज शेतकऱ्यांत होता, आणि तो अगदीच वेडगळ म्हणता येत नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराकडे संशयानेच पाहावे. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. ही दोन वर्षे लक्ष्मणरावांनी काढली, याला आपण सहज धाडस म्हणतो. पण ती अंधारातली उडी नव्हती. नांगर काय करतो हे त्यांना माहीत होते, गिऱ्हाइकाला ते पटायला वेळ लागेल हेही माहीत होते, आणि तेवढा काळ दुकान तगवायचे होते.

नांगराला मागणी येऊ लागली आणि त्याच सुमारास बेळगावातील जागा नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली. कारखाना उठला. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांच्याकडे सोपवले, आणि पुढे आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोडचा हा 32 एकरांचा माळ निवडला, कारण शेजारून रेल्वे जात होती: कच्चे लोखंड आणि कोळसा उतरवायचा आणि तयार नांगर चढवायचे, तर स्टेशन दाराशी हवे. निवडुंग तोडता येतो, रेल्वे आणता येत नाही. बाळासाहेबांनी 10,000 रुपयांचे कर्जही दिले. सातारा-सांगलीच्या मुलखात विखुरलेल्या गावांचे हे लहानसे संस्थान; त्याच्या राजाने मोडलेल्या कारखान्याच्या मालकावर एवढी रक्कम लावावी, हे धाडस लक्ष्मणरावांच्या धाडसाहून कमी नव्हते. उद्योगांच्या इतिहासात कर्ज देणाऱ्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो, हे मला तरी अन्यायाचे वाटते.

माळावर केवळ कारखाना उभा करून भागणार नव्हते, कारण कामगारांनी राहायचे कुठे हा प्रश्न होताच. वसाहतीची आखणी रामुअण्णांनी पाहिली, यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांनी आणि हिशेब मंगेशराव रेग्यांनी. पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. गावात हे कळल्यावर कुजबुज झाली असेल; पण त्या माणसांनी पहारा चोख ठेवला. अस्पृश्यता न पाळणारी वसाहत वसवण्याचा लक्ष्मणरावांचा आग्रह याच वृत्तीतला होता, आणि त्या काळात तो नांगर विकण्याहून सोपा खासच नव्हता.

1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणाऱ्या या पत्रिकेतून पुढे मराठीतले एक नामवंत मासिक घडले. दरम्यान नांगराची बाजू स्थिरावली होती आणि शेतकऱ्याची पुढची अडचण, पाण्याची, लक्ष्मणरावांसमोर होती. 1926 मध्ये येथे सेंट्रिफ्युगल, म्हणजे फिरत्या चक्राच्या जोरावर पाणी उपसणारा, पंप तयार झाला. किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही पंपच बनवतो.