घाटापलीकडचं लिथगो

नमस्कार, श्रोतेहो.

1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून तिची दिशा उलटवावी लागे आणि मग उरलेला चढ चढता येई. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 पर्यंत वापरात होतं. आज ज्या गावाच्या गोष्टी सांगायच्या आहेत, त्याचं नशीब याच युक्तीने उघडलं. हे गाव म्हणजे ऑस्ट्रेलियातलं लिथगो. सिडनीहून पश्चिमेला निघालं, ब्लू माउंटन्सचे डोंगर ओलांडले, की खालच्या दरीत ते लागतं.

ही मूळची विराजुरी लोकांची भूमी. थॉमस ब्राउन नावाच्या वसाहतवाल्याने 1842 मध्ये इथे एस्कबँक हाउस बांधलं. त्याच्या जमिनीखाली कोळसा होता, पण डोंगरापलीकडच्या गिऱ्हाइकापर्यंत तो न्यायचा कसा? त्याचं उत्तर दिलं जॉन व्हिटन या इंजिनिअरने. त्याने कड्यावरून नागमोडी, मागे-पुढे उतरणारी रेल्वे बांधली. वाटेतला एक मोठा खडक जानेवारी 1869 मध्ये सुरुंगाने उडवला, आणि त्या सुरुंगाची विजेची कळ दाबली गव्हर्नरच्या पत्नीने, काउंटेस बेलमोरने. त्याच वर्षी गाडी दरीत उतरली आणि पाठोपाठ खाणी, भट्ट्या, कामगारांची घरं उभी राहिली.

1875 मध्ये इथली पहिली झोतभट्टी, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढणारी भट्टी, पेटली. तिच्यामागे पैसा लावणाऱ्यांत होता जेम्स रदरफर्ड, कॉब अँड कंपनीच्या घोडागाड्यांचा मालक. पण इंग्लंडहून जहाजाने येणारं लोखंड स्वस्त पडे आणि इथलं विकलं जाईना. पुढची गोष्ट गावात आजही सांगतात. भट्टी पुन्हा चालवण्याचा मोह कुणालाच होऊ नये म्हणून रदरफर्डने सुरुंगाच्या दारूने भरलेल्या गाड्या आणवल्या आणि ती भट्टी उडवून दिली! मला या माणसाचा राग येत नाही. वर्षानुवर्षं तोट्यात पैसा ओतलेल्या माणसाची हताशा त्यात दिसते.

मग आला विल्यम सँडफर्ड. 1900 साली त्याच्या कारखान्यात ऑस्ट्रेलियातलं पहिलं पोलाद तयार झालं, म्हणजे जमशेदपूरच्या पोलादाआधी बारा वर्षं. 1907 मध्ये त्याने नवी झोतभट्टी पेटवली, पण त्याच वर्षअखेरीस बँकेने कर्जवसुलीसाठी फास आवळला आणि सगळं त्याच्या हातून गेलं. भट्टी पेटल्याचा आनंद त्याला जेमतेम काही महिने मिळाला.

कारखाना हॉस्किन्स बंधूंकडे गेला. 1911 मध्ये मोठा संप झाला. मालकांनी बाहेरून माणसं आणून काम चालू ठेवलं. ऑगस्टमध्ये संतापलेल्या जमावाने भट्टीला वेढा घातला आणि चार्ल्स हॉस्किन्सची मोटार पेटवून दिली. संप पुढच्या वर्षापर्यंत चिघळला. जाळपोळ वाईटच, पण इतके महिने पगाराशिवाय चूल पेटती ठेवणाऱ्या बायकांची नावं कुठल्या फलकावर नाहीत, याची मला जास्त खंत वाटते.

हॉस्किन्सना खरा त्रास दिला तो अंतराने. कोळसा दारात होता, पण चांगलं लोहखनिज आणखी पश्चिमेला, कारकोर आणि केडियाकडे. तयार माल मात्र डोंगर ओलांडून समुद्राकडे न्यायचा. 1910 मध्ये दहा बोगद्यांचा नवा मार्ग झाला आणि गाडी उलटवण्याची कटकट संपली, तरी जड मालाचं भाडं भरावंच लागे. बंदरातल्या कारखान्याला ते ओझं नव्हतं. म्हणून 1928 मध्ये हॉस्किन्स मंडळींनी सिडनीच्या दक्षिणेला, पोर्ट केंब्लाच्या किनाऱ्यावर नवी झोतभट्टी पेटवली आणि लिथगोची विझवली. पाठोपाठ कामगार आपली बिऱ्हाडं घेऊन तिकडे गेले. ज्या रेल्वेने गाव वसवलं, तिच्याच भाड्यापायी पोलाद गावाबाहेर गेलं.

तरीही गाव ओस पडलं नाही. कोळसा होता, आणि 1912 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेला लहान शस्त्रांचा कारखानाही होता. मला वाटतं, रायफलीच्या किमतीपुढे तिचं रेल्वेभाडं किरकोळ, म्हणून हा धंदा घाटापलीकडेही तगला. तिथे तयार व्हायची ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री. आपल्याकडे ती बंगालमधल्या इशापूरला बनायची. दुसऱ्या महायुद्धात लिथगोच्या कारखान्यात हजारो माणसं कामाला होती, त्यांत बायकाही पुष्कळ. राहायला घरं पुरेनात.

युद्ध संपलं, मागणी ओसरली, तेव्हा याच कारखान्याने पिनॉक नावाची शिलाई मशीनं बनवली. आज कारखान्याच्या संग्रहालयात रायफलींबरोबर ती मशीनंही मांडलेली आहेत आणि ते संग्रहालय स्वयंसेवक चालवतात. सँडफर्डच्या भट्टीचे अवशेष एका उद्यानात जपले आहेत, आणि ब्राउनचं एस्कबँक हाउसही पाहायला खुलं आहे.