केळीचं खोड कुठं असतं?

सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खांब तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत. तो खांब म्हणजे झाडाचा कोणता अवयव? ‘खोड’ असं सगळ्या वर्गातून एका सुरात उत्तर आलं. साहजिक आहे. उभा आहे, जाड आहे, वर पानं आहेत. पण अवयव ओळखताना नुसत्या दिसण्यावर जायचं नसतं. तो कुठून निघालाय, कशाला जोडलेला आहे, त्याच्या बगलेत काय आहे, हे बघायचं.

खांबाचं एकेक सोपट सोलत जा. प्रत्येक सोपट वर जाऊन देठ होतं आणि त्याच देठाला पान लागतं. म्हणजे सोपट हा पानाचाच तळ. असे तळ एकमेकांवर घट्ट गुंडाळले गेले की आभासी खोड तयार होतं. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्यावर पेरं आहेत, फक्त इतकी जवळजवळ की दिसत नाहीत. कंदावर डोळे आहेत आणि खालून आगंतुक मुळं फुटलेली आहेत. लाकूड मात्र कुठंच नाही. केळ एकदल आहे, तिला आंब्यासारखी दरवर्षी जाडी वाढवणारी एधा नसते. म्हणून इतकी उंच होऊनही ती वनस्पतिशास्त्रात गवतासारखी शाकीय वनस्पतीच.

आता वाढ. टोकाशी विभाजी ऊती, म्हणजे सतत नव्या पेशी देणारा भाग, असते, हे तुम्ही पाठ केलंय. केळीत हे टोक कुठं? खाली, जमिनीलगत, कंदाच्या माथ्यावर! नवं पान तिथं जन्मतं आणि पोंगा होऊन सगळ्या सोपटांच्या मधून वर सरकतं. खात्री करायची असेल तर न निसवलेल्या, म्हणजे अजून फुलोरा न आलेल्या, केळीचा खांब जमिनीपासून दोनेक फुटांवर सपाट कापा. दुसऱ्या दिवशी मधला भाग कापाच्या वर आलेला दिसेल. हा प्रयोग प्रात्यक्षिकाच्या वहीत का नाही, हे मला कळलेलं नाही. फुलपात्रभर पाण्यात कांदा ठेवण्यापेक्षा किती तरी बोलका आहे.

साधारण तीस ते चाळीस पानं निघाली की हे टोक पानं देणं थांबवतं आणि फुलोरा घडवू लागतं. मग कुठं खरं खोड लांब होऊन खांबाच्या पोकळीतून वर चढतं. आपण भाजीला घेतो तो पांढरा भरीव गाभा हाच. शेतकरी म्हणतात, केळ निसवली.

फुलोऱ्यात आधी मादी फुलांच्या ओळी उघडतात, त्यांच्या फण्या होतात. खाली लोंबणाऱ्या केळफुलात राहतात ती नर फुलं. भाजी निवडताना आई प्रत्येक फुलातली कडक काडी आणि पारदर्शक पापुद्रा काढून टाकते ना? अनेकांना ती काडी पुंकेसर वाटते. नाही. टोकाला गाठ असलेली ती काडी म्हणजे नर फुलात उरलेला वांझ कुक्षिवृंत, स्त्रीकेसराचा दांडा. पुंकेसर तिच्याभोवती पाच असतात. पापुद्रा ही सुटी परिदलपाकळी, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेढ्यातली पाकळी.

फळ अधःस्थ, म्हणजे फुलाच्या बाकी भागांखाली असलेल्या, अंडाशयाचं आहे, म्हणून फुलाची वाळकी खूण केळ्याच्या टोकाला राहते. सोललेल्या केळ्याच्या टोकात हलकेच बोट दाबा, त्याच्या उभ्या तीन फाकी होतात. तीन अंडपी, म्हणजे अंडाशयाचे तीन घटक! मधले काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं.

ती वाढत का नाहीत? कारण बसराई किंवा ग्रँड नैन ही आपली वाणं त्रिगुणित आहेत. ११ गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ३३. युग्मकं, म्हणजे प्रजननपेशी, घडवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात तीन संचांची दोन सारखी वाटणी होणार कशी? युग्मकं बहुधा निकामी निघतात. फळ मात्र फलनाची वाट न बघता भरतं, यालाच अनिषेकफलन म्हणतात. याउलट पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारी कवदर, म्हणजे रानकेळ, बघा. फळ टणक बियांनी गच्च भरलेलं आणि मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारी पिल्लं, नाहीत. एकदा फळली की मरते, पुढचं सगळं बियांवर.

बागेतली केळही घड दिला की मरते, पण कंदावरचे डोळे मुनवे होऊन वर आलेले असतात. लागवडीला अरुंद, तलवारीसारख्या पानांचे मुनवे निवडतात, कारण त्यांचा कंद भरलेला असतो. रुंद पानांचे दिसायला तरतरीत, पण खाली जोर नसतो. हल्ली जळगावकडे ऊतिसंवर्धित रोपं सर्रास लावतात. त्यांची सुरुवातही मुनव्याच्या शेंड्यातल्या त्याच विभाजी ऊतीपासून होते.

मुनवा असो की प्रयोगशाळेतलं रोप, त्यात फलन नाही, म्हणजे जनुकांची नवी जुळणीही नाही. ग्रोस मिशेल ही जगाच्या बाजारातली मुख्य केळी अशीच एका साच्याची होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर या बुरशीजन्य रोगानं तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि तिची जागा कॅव्हेंडिश गटानं घेतली. बसराई आणि ग्रँड नैन दोन्ही त्याच गटातल्या. आता या गटालाही मारणारा त्याच बुरशीचा प्रकार पसरतोय. नवं वाण काढायचं तर संकर हवा, आणि त्यासाठी पैदासकारांना पुन्हा बिया धरणाऱ्या रानटी जातींकडेच जावं लागतं.